पडायचेच आहेत ते दात

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून १९३८ साली एक फार जुना ग्रंथ पहिल्यांदा छापून बाहेर पडला: काश्यपसंहिता. बालरोगांवरचा हा संस्कृत ग्रंथ कित्येक शतकं जवळपास बेपत्ताच होता. नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांच्या संग्रहात त्याची एक खंडित ताडपत्री पोथी निघाली आणि वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्यांच्या पुढाकाराने ती छापली गेली. त्यातला एक अख्खा अध्याय केवळ बाळाच्या दातांवर आहे. गंमत अशी की त्याच वर्षी अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा पहिला टूथब्रश दुकानात आला, आणि आदल्याच वर्षी, १९३७ मध्ये, कोलगेट कंपनीने भारतात आपला धंदा मांडला होता.

म्हणजे पोथी, ब्रश आणि पेस्ट ही तिन्ही एकाच सुमारास आपल्या उंबरठ्यावर आली. पण त्या वर्षी गिरगावातल्या चाळीत किंवा सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या वाड्यात सकाळी उठणाऱ्या चार वर्षांच्या पोराच्या वाट्याला या तिन्हींतलं बहुधा काहीच आलं नाही. आजीने तळहातावर घेतलेली चिमूटभर राखुंडी, तिचं बोट आणि तांब्याभर पाणी, एवढ्यावर त्याचं तोंड धुऊन व्हायचं. मोठी माणसं जे वापरत, तेच थोडं कमी करून मुलांना. लहान मुलांच्या दातांसाठी वेगळं काही लागतं, ही कल्पना महाराष्ट्रात रुजायला पुढची पन्नास-साठ वर्षं जावी लागली. तिच्या आड उभं असलेलं वाक्य घरोघरी एकच होतं: दुधाचेच तर दात आहेत, पडायचेच आहेत.

जुन्या वैद्यांनी या दातांकडे दुर्लक्ष केलं होतं असं मात्र नाही. काश्यपसंहिता सांगते की माणसाच्या बत्तीस दातांपैकी आठ एकदाच उगवतात आणि बाकीचे दोनदा. आजची मोजदाद थोडी वेगळी आहे. दुधाचे दात वीस आणि एकदाच येणाऱ्या दाढा बारा. पण निरीक्षणाची दिशा बरोबर होती. ज्या महिन्यात बाळाला दात येतो, साधारण त्याच आकड्याच्या वर्षी तो पडून नवा येतो, असा एक आडाखाही या ग्रंथात आहे. सहाव्या-सातव्या महिन्यात येणारे खालचे पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, हे कुठल्याही आईला ठाऊक असतं, तेव्हा आडाखा अगदीच हवेतला नव्हे. चौथ्या महिन्यात आलेले दात दुबळे निघतात आणि आठव्या महिन्यात आलेले सर्वांत चांगले, असं काश्यपाचं म्हणणं. मुलींना दात लवकर आणि कमी त्रासात येतात, असंही तो नोंदवतो.

वाग्भटाने बाळाच्या जवळजवळ सगळ्या दुखण्यांचं खापर दात येण्यावर फोडलं. ताप, जुलाब, खोकला, डोळे येणं, सगळं त्याच खात्यावर. पण पुढे त्याने एक शहाणपणाची गोष्ट लिहिली. या दुखण्यांत मुलाला फार औषधं आणि पथ्यं लावून जेरीस आणू नये, दात आले की ती आपोआप शमतात. महाराष्ट्रातल्या आयांनी यातला पहिला भाग पिढ्यानपिढ्या सांभाळला. पोराला जुलाब झाले की ‘दात येतायत’ म्हणून सोडून द्यायचं. बाळ त्या वयात हाताला लागेल ते तोंडात घालतं आणि जुलाब बहुधा त्या घाणीतून होतात, हे डॉक्टरांना अजूनही समजावून सांगावं लागतं.

दात घासण्याचा विधीही संहितांमध्ये तपशिलाने आहे. सुश्रुताची काडी बारा अंगुळं लांब आणि करंगळीच्या टोकाएवढी जाड. कडू काड्यांत कडुनिंब उत्तम, तुरटांत खैर, तिखटांत करंज, गोडांत मोह. चरकाने काडीचं टोक चावून मऊ करायला सांगितलं, हिरडीला इजा होऊ द्यायची नाही अशी ताकीद दिली आणि दात दिवसातून दोन वेळा घासावेत असं लिहिलं. या ‘दोन वेळा’चं पुढे काय झालं, ते शेवटाकडे पाहू. पण हे सगळं ज्याला काडी चावता येते त्याच्यासाठी होतं. दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडात काडी देता येत नाही. तिथे घरातल्या बायांचं राज्य सुरू व्हायचं.

राखुंडीचं साहित्य चुलीपाशीच असे. शेणाच्या गोवऱ्या पूर्ण जळून पांढरट झाल्या की निखारे बाजूला सारून ती राख गार करायची, फडक्यातून वस्त्रगाळ करायची. मग ज्याची त्याची ऐपत आणि आवड. कुणी त्यात मीठ घाली, कुणी तुरटीची लाही, कुणी लवंग आणि कापूर. सधन घरांत बदामाची टरफलं फेकत नसत. ती जाळून त्यांचा कोळसा खलात कुटत, आणि ती काळीभोर पूड पितळी डबीत मोरीच्या कोनाड्यात जाऊन बसे. मुलाला पाटावर बसवायचं, डाव्या हाताने त्याची हनुवटी धरायची, उजव्या हाताची तर्जनी आधी ओली करून मग पुडीत बुडवायची आणि वरून खाली, खालून वर फिरवायची. मूल बोटाला चावे. पूड बारीक नसली तर हिरडी सोलवटून निघे. शेवटी खळखळून चूळ भरायची, आणि ती चूळ मूल हमखास स्वतःच्या अंगावरच सांडे.

राखेत घासण्याचा गुण असतो आणि क्षारही असतो, त्यामुळे दातांवरचा बुळबुळीत थर निघायचा, यात शंका नाही. वांधा होता तो जोर लावून घासण्यात. दुधाच्या दातावरचं कवच पक्क्या दाताच्या मानाने पातळ असतं. भरड राख आणि कोळसा रोज रगडला की ते झिजतं. आपला दात झिजतोय हे कुणाच्या लक्षात येत नसे, कारण झीज दिसायच्या आत तो दात पडून गेलेला असे.

देशावर राखुंडीच्या जोडीला कडुनिंबाची आणि बाभळीची काडी, तर कोकणात आणि गोव्यात आंब्याचं पान. कोवळं नाही, चांगलं जून पान घ्यायचं, मधली शीर काढायची, पानाची घट्ट घडी करून तिने दात घासायचे. त्याच शिरेने किंवा माडाच्या झावळीची हीर मधोमध चिरून जीभ खरवडायची. सात-आठ वर्षांचं पोर हे सगळं विहिरीवर मोठ्यांच्या रांगेत उभं राहून शिकायचं. वेगळं शिकवावं लागत नसे.

काडीबद्दलची एक हकिकत येरवड्याच्या तुरुंगातली आहे. १९३० साली गांधीजींबरोबर तिथे काका कालेलकर होते. मूळचे सातारचे, मराठी आईबापांचे, पुढे गुजरातीतले नामवंत लेखक झालेले. रोज सकाळी ते कडुनिंबाची ताजी काडी तोडून, टोक कुटून गांधीजींना देत. गांधीजींनी सांगितलं की वापरलेलं टोक तेवढं कापून टाका आणि उरलेल्या काडीचंच उद्या पुन्हा दातवण करा. झाडं भरपूर आहेत, या कालेलकरांच्या म्हणण्यावर त्यांचं उत्तर असं होतं की काडी सुकून निकामी होईपर्यंत ती फेकायचा आपल्याला हक्क नाही. कालेलकरांनी ही आठवण स्वतः लिहून ठेवली आहे. खेड्यातल्या बाईला मात्र हे कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्या घरात एकच काडी तोडून तिचे दोन-तीन तुकडे पोरांत वाटले जात.

दुधाच्या दातांची काळजी कमी असली तरी त्यांचं कौतुक कमी नव्हतं. बाळाला पहिले दात वर आले तर ते मामाला जड, अशी समजूत महाराष्ट्रभर आहे. खालचे आधी आले की आजोळ निश्चिंत. निसर्गतः बहुतेक बाळांना खालचेच दात आधी येतात, त्यामुळे बहुतेक मामांना घोर लागत नाही. पडलेला दात कुठे टाकायचा याचेही प्रघात ठरलेले. कुणी कौलांवर भिरकावतं, कुणी तुळशीपाशी पुरतं, कुणी उंदराच्या बिळात टाकतं, उंदरासारखे बारीक आणि तीक्ष्ण दात यावेत म्हणून. शहरात कौलं गेली, बिळं बुजली, तरी पडलेला दात कचऱ्याच्या डब्यात टाकायला आजही अनेक घरांत हात धजावत नाही.

दात दुखायला लागला की मात्र कौतुक संपायचं. लवंग दाढेत धरायची किंवा लवंगतेलाचा बोळा. लवंगेतल्या युजेनॉलने खरोखरच बधिरता येते, आणि दंतवैद्य आजही ते वापरतात. अक्कलकाऱ्याचं पिवळं बोंड चावलं की जीभ चुरचुरते आणि मग सुन्न होते. खेड्यातल्या पोरांचा तो खेळही होता आणि औषधही. याहून अजब गोष्ट म्हणजे रिंगणीच्या बियांची धुरी. निखाऱ्यावर बिया टाकून धूर नळीने किडलेल्या दाढेपर्यंत न्यायचा आणि दाढेतली कीड बाहेर पडली असं सांगायचं. गावोगाव फिरणारे वैदू पोराच्या तोंडातून काढलेला ‘किडा’ कापसावर ठेवून दाखवत. दातात किडा असतो ही समजूत काही आपलीच नव्हे. युरोपात खुरासानी ओव्याच्या बियांची अशीच धुरी देत, आणि उष्णतेने उकललेल्या बियांचे कोंब किडे म्हणून खपत. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात या किड्याला नाकारलं. मराठी खेड्यात तो त्यानंतर अडीचशे वर्षं तरी जगला.

इथवरच्या सगळ्या वस्तू निरुपद्रवी नाहीत, पण घातकही नाहीत. मिश्रीची गोष्ट वेगळी.

तंबाखूची पानं लोखंडी तव्यावर टाकून काळी पडेपर्यंत भाजायची. घरभर ठसका उठतो. मग ती चुरून बारीक पूड करायची. ही मिश्री डाव्या तळहातावर घेऊन उजव्या तर्जनीने दातांना आणि हिरड्यांना लावत उंबऱ्यावर किंवा अंगणात निवांत बसलेल्या बाया हे महाराष्ट्रातल्या सकाळचं ठरलेलं चित्र होतं. नावापुरतं दात घासणं. खरी ओढ तंबाखूची. सकाळी एकदा लावणारी बाई पुढे दिवसातून चार-पाचदा लावू लागते, आणि मिश्री लावल्याशिवाय तिला शौचाला होत नाही. मिश्रीला कुणी व्यसन म्हणत नसे. विडी ओढणारी बाई लोकांच्या डोळ्यांवर येई, मिश्री लावणारी येत नसे, कारण ती दात घासत होती. आणि दात घासायला तर मुलांनाही शिकवायचंच असतं. आठ-दहा वर्षांची मुलगी आजीच्या डबीतून चिमूट उचलायची ती अशी. दात दुखतोय म्हणून रडणाऱ्या पोराच्या हिरडीवर थोडी मिश्री चोळणं हा तर घरगुती इलाजच होता.

याची पहिली मोठी मोजदाद मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाने केली. फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि कोपनहेगनचे येन्स पिंडबोर्ग यांच्या गटाने पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ खेडुतांची तोंडं तपासली. १९७२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तोंडाचा कर्करोग आणि त्याआधीचे पांढरे चट्टे यांचा तंबाखूच्या सवयींशी असलेला संबंध या आणि पुढच्या पाहण्यांनी पक्का केला, आणि मिश्री या कर्करोगतज्ज्ञांच्या कोष्टकातला एक स्वतंत्र रकाना बनली.

तोवर बाजाराने एक नवी युक्ती काढली होती. तंबाखू घातलेलं दंतमंजन डब्यांतून, आणि तंबाखूची मलईसारखी तपकीर पेस्टच्या नळीतून. नळी दिसायला हुबेहूब टूथपेस्टची. गोव्यात आणि गुजरातेत ती शाळकरी मुलांच्याही हाती पडली. दात घासतोय म्हटल्यावर आई तरी काय बोलणार? ३० एप्रिल १९९२ रोजी केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनांत तंबाखू वापरायला बंदी घातली. उत्पादक कोर्टात गेले, आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘लक्ष्मीकांत विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात ही बंदी उचलून धरली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला अर्थातच हा कायदा पोचत नाही.

राखुंडीला चुलीपासून दुकानात नेलं ते मंजनवाल्यांनी. नोगी कंपनीची माकड छाप काळी पूड मुंबईतल्या चाळींपासून खेड्यातल्या वाण्याच्या फळीपर्यंत पोचली. डबीवरचं माकड बघून ती मागणाऱ्या मुलांना नाव वाचता येण्याची गरज नव्हती. आणि आतली पूड काळीच. म्हणजे आजीच्या कोळशाच्या पुडीला सोडून देण्याचं दुःखही नाही.

मग आले पेंढरकर. केशव विष्णू पेंढरकर नागपुरात किराणा दुकान चालवत. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी मुंबई गाठली आणि १९५२ साली परळमध्ये विको कंपनी काढली. पहिलं उत्पादन दंतमंजन, वज्रदंती. वज्रदंती ही कोरांटीची एक जात, पिवळ्या फुलांची काटेरी, कुंपणाला वाढणारी. राहत्या जागेतच पूड बनायची आणि पेंढरकर मुलांना घेऊन ती दारोदार विकायला निघत. पुढे त्यांचे चिरंजीव गजानन पेंढरकर औषधशास्त्र शिकून धंद्यात आले, मंजनाची पेस्ट झाली आणि थिएटरांतून, दूरदर्शनवरून तिची जाहिरात घुमू लागली. १९८४ साली सुरू झालेली ‘ये जो है जिंदगी’ ही मालिका विकोनेच प्रायोजित केली होती. विकोची उत्पादनं सौंदर्यप्रसाधनं की आयुर्वेदिक औषधं, या प्रश्नावर अबकारी खात्याशी कंपनीची वर्षानुवर्षं कोर्टबाजी चालली, आणि औषधाचं पारडं जड ठरलं.

लाल मंजनं वेगळी. त्यांचा रंग गेरूचा, आणि गेरू घासायला खरखरीत. डाबरच्या लाल दंतमंजनाची शाळामास्तरांची जाहिरात ऐंशीच्या दशकात दूरदर्शन पाहणाऱ्या कुणालाही आठवेल. वर्गात मुलाचे दात चमकतात, आणि मास्तरांचे स्वतःचे दात काही चमकत नाहीत. जाहिरातीचं सूत्र आता उलटं झालं होतं. पूर्वी मुलं मोठ्यांचं बघून शिकत. आता मुलानेच मोठ्यांना धडा द्यायचा होता.

लहान मुलांना गिऱ्हाईक म्हणून सर्वांत चतुराईने ओळखलं ते स्विस कंपनी सिबाच्या बिनाकाने. रेडिओ सिलोनवर ३ डिसेंबर १९५२ रोजी सुरू झालेल्या बिनाका गीतमालेने मोठ्यांना बांधून ठेवलं. पेस्टच्या खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या इवल्याशा प्राण्यांनी मुलांना. साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय घरात पेस्ट कोणती आणायची हे त्या प्राण्यांवरून ठरे. जिराफ दोनदा आला की शेजारच्याशी हत्तीचा सौदा व्हायचा. पेस्ट लवकर संपावी म्हणून पोरं ती ब्रशवर लांबच्या लांब पिळत. ती तोंडातून थुंकली जाते की पोटात जाते, याकडे कुणाचं लक्ष नसे. पुढे बिनाकाचं सिबाका झालं, आणि १९९४ मध्ये तो ब्रँड कोलगेटने विकत घेतला.

मंजन-पेस्टचा हा बाजार फोफावत होता त्याच काळात मुलांच्या तोंडात साखरही वाढत होती, आणि ती बनवण्यात महाराष्ट्र आघाडीवर होता. वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव साखर कारखाना उभा केला, आणि १९४०च्या दशकात तिथे गोळ्या-चॉकलेटं बनू लागली. रावळगावची गोळी चघळली नाही असं मूल महाराष्ट्रात सापडणं अवघड. पार्लेचा कारखाना विलेपार्ल्यात १९२९ मध्ये गोळ्यांपासूनच सुरू झाला, ग्लुकोज बिस्किटं त्यानंतर दहा वर्षांनी आली. १९५० साली लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना चालू केला. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत धुराडी उभी राहिली. सणासुदीची साखर रोजच्या चहात आली, चहात बिस्किट बुडू लागलं, आणि दूध-साखरेची बाटली बाळाच्या अंथरुणात.

रात्रभर तोंडात दूध राहणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात कसे काळे पडून झडतात, याचं वर्णन अमेरिकेतले दंतवैद्य इलायस फास यांनी १९६२ साली केलं. झोपेत लाळ आटते. लाळ हीच तोंडातली आम्ल धुऊन नेणारी व्यवस्था असते. गोड दूध दातांवर साचून राहतं, जंतू त्याचं आम्ल करतात आणि पातळ कवच विरघळतं. खालचे पुढचे दात जिभेच्या आडोशाला असल्याने बहुधा वाचतात, म्हणून नुसतं तोंड उघडलं की जाणकाराला कारण कळतं.

जाणकार होते कुठे, हा पुढचा प्रश्न. भारतातलं पहिलं दंतमहाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात १९२० साली काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंतमहाविद्यालय १९३३चं आणि सरकारी दंतमहाविद्यालय १९४५चं. तोवर मुंबईकरांचे दात काढायला आणि कवळ्या बसवायला चिनी दंतवैद्यांचे दवाखाने होतेच; बापाकडून मुलाकडे आलेली ती विद्या. १९४८च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदणीचे दोन भाग केले. पदवीधर ‘अ’ भागात आणि पदवी नसलेले पण आधीपासून व्यवसाय करणारे ‘ब’ भागात. लहान मुलांच्या दातांच्या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना मात्र १९७९ साली जन्मली. तोपर्यंत मुलाचा दात किडला तर एकच उपाय असे, चिमट्याने ओढून काढणं. पडायचाच तर होता.

या उपायाने होणारं नुकसान काही वर्षांनंतर दिसतं. दुधाची दाढ आपल्याखाली येणाऱ्या पक्क्या दाताची जागा राखून असते. ती वेळेआधी गेली की शेजारचे दात त्या फटीत कलतात आणि नवा दात वाकडा उगवतो. दुसरी फसगत याहून मोठी. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे, काहीही न पडता, पहिली पक्की दाढ निमूटपणे वर येते. तिच्या जागचं काही पडलेलं नसतं म्हणून आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. तिच्या माथ्यावर खोल घळी असतात, त्यात बिस्किटाचा लगदा अडकतो, आणि आठव्या-नवव्या वर्षी ती पोखरून निघते. ती मात्र पुन्हा येणार नसते.

फ्लोराइडने या गोष्टीत आणखी एक पेच आणला. अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहराने २५ जानेवारी १९४५ रोजी पिण्याच्या पाण्यात मोजून फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली आणि तिथल्या मुलांचे किडके दात झपाट्याने घटले. आपल्याकडे उलटी अडचण. चंद्रपूर-यवतमाळ भागातल्या अनेक विहिरींत आणि हापशांत फ्लोराइड मुळातच जास्त, पाण्यासाठी ठरवलेल्या लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या कमाल मर्यादेच्या वर. पक्क्या दातांचं कवच मूल तान्हं असल्यापासून हिरडीखाली घडत असतं, तेव्हा असं पाणी पोटात गेलं की सात-आठ वर्षांनी पिवळे-तपकिरी डाग घेऊनच दात वर येतो. ते डाग घासून जात नाहीत, आणि गावातल्या मुलांना उगीचच ‘दात घासत नाही’ म्हणून बोलणी खावी लागतात. भारतात पेस्टमधल्या फ्लोराइडवर १००० पीपीएमची मर्यादा आहे आणि ते प्रमाण नळीवर छापणं बंधनकारक आहे. किती पेस्ट घ्यायची याचं आजचं प्रमाण तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने ते २०१४ मध्ये मांडलं आणि आपल्याकडचे बालदंततज्ज्ञही बहुधा तेच सांगतात. ब्रशभर नागमोडी पेस्ट पिळणाऱ्या जाहिराती मात्र चालूच राहिल्या.

शाळेत दातांचं शिक्षण आधी आणलं तेही कंपनीनेच. कोलगेटचा शाळांसाठीचा कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. प्लॅस्टरचा मोठा जबडा, मोठा ब्रश, आणि जाताना प्रत्येकाच्या हातात एक छोटी नळी. सरकारी पातळीवरचं चित्र डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००२-०३च्या राष्ट्रीय पाहणीने स्पष्ट केलं. पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्क्यांचे दात किडलेले, बारा वर्षांच्यांत ५३.८ टक्के. पाचव्या वर्षी निम्म्याहून जास्त, म्हणजे हे सगळे दुधाचे दात. दहा वर्षांनी, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली ती पालघरमध्ये. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत ज्या तीस व्याधी धरल्या, त्यांत दंतक्षयही आहे. गाडी घेऊन फिरणारी पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात, मुलांना तोंड उघडायला लावतात, नोंद करतात आणि पुढे पाठवतात. मे २०२३ मध्ये राज्य सरकारने स्वच्छ मुख अभियान काढून त्याचा चेहरा म्हणून सचिन तेंडुलकरला घेतलं.

उपचारही बदलले. किडलेल्या दुधाच्या दाढेवर स्टीलची तयार टोपी बसवण्याची पद्धत अमेरिकेत १९५० पासून आहे. आता ती पुण्या-नाशकातच नव्हे, तालुक्याच्या गावीही होते. दुधाच्या दाताचं रूट कॅनालही होतं. दवाखान्यात सोबत आलेली आजी अजूनही विचारते की पडणाऱ्या दाताला एवढा खर्च कशाला. डॉक्टर भिंतीवरच्या चित्राशी जाऊन दुधाच्या दाढेखाली उभा असलेला पक्का दात तिला दाखवतात. दुकानात दुसरीकडे स्ट्रॉबेरीच्या चवीच्या पेस्ट, कार्टूनचे ब्रश आणि कोळशाची काळी पेस्ट मांडलेली असते; आजीच्या बदामी पुडीच्या कितीतरी पट भावात.

एक सवय मात्र या सगळ्या उलथापालथीत फारशी हलली नाही. राखुंडी असो, काडी असो, आंब्याचं पान असो की माकड छाप मंजन, दात घासायचे ते सकाळी, पारोशा तोंडाने चहा घ्यायचा नाही म्हणून. शुद्धीचा विधी सकाळचा. चरकाच्या दोन वेळांपैकी दुसरी वेळ मराठी घरांनी कधी घेतलीच नाही, आणि किडीला मोकळं रान मिळतं ते नेमकं त्या वेळी. रात्री आमटी-भात खाऊन, वर साखर घातलेलं दूध पिऊन मूल झोपतं, आणि दात थेट सकाळी सातला धुतले जातात. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाला खुर्चीत बसवल्यावर बालदंततज्ज्ञ आईला पेस्ट कोणती वापरता हे नंतर विचारतात. आधी विचारतात, रात्री झोपताना काय पितो, आणि त्यानंतर दात कोण घासतं: तो स्वतः, की तुम्ही?